खोकला माझा, नाव टोळीचं

ज्यांना नुकतंच टीबीचं निदान झालं आहे त्यांना धीर मिळेल असं काहीतरी लिहा, असं तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला सुचवलं. धीर द्यायचा तर तो एका ओळीत देता येतो. गोळ्या रोज घ्या, मध्येच सोडू नका, बरे व्हाल. मी बरा झालो. वजन परत आलं. मोटर चालू करायला विहिरीपर्यंत जाताना आता वाटेत बांधावर बसावं लागत नाही. पण एवढंच लिहून थांबलो तर ते खोटं होईल. आजारपणात मला जितकी भीती वाटली त्याहून जास्त राग आला, अजूनही येतो, आणि त्यातला मोठा वाटा माझा स्वतःवरचाच आहे.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, सोनईपासून जवळ. कॅनॉलखालची जमीन, ऊस आणि कांदा. घरात मी, बायको मंगल आणि मुलगी ऋतुजा. मुलगा अक्षय नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे, तो नगरलाच राहतो. माझी पन्नाशी जवळ आलेली. विडी नाही, तंबाखू नाही. आजार दुसऱ्यांना होतात असं मनोमन धरून चालणारा मी माणूस.

बागायतदाराचा खोकला

दसऱ्याच्या सुमारास खोकला सुरू झाला. सोयाबीनच्या मळणीची धूळ असेल म्हणून सोडून दिलं. मग संध्याकाळची कणकण येऊ लागली, जेवण जाईना. गावातल्या खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुई टोचली, पुडीत गोळ्या दिल्या. दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, डॉक्टर, जरा भारी सुई द्या. मग अशक्तपणासाठी सलाईन मागून घेतलं. आमच्याकडे सलाईनची बाटली लावली की आजाराला शोभा येते, चार माणसं भेटून जातात. नंतर सोनईचे डॉक्टर झाले. प्रत्येकानं छातीला नळी लावली आणि प्रत्येकाला मी सांगितलं की धुळीचं आहे.

आणि या सगळ्या काळात, ज्या रस्त्यानं मी रोज डेअरीला दूध घालायला जायचो त्याच रस्त्यावर सरकारी आरोग्य केंद्र होतं. तिथे थुंकी तपासतात. फुकट तपासतात. भिंतीवर तसं ठळक अक्षरात रंगवलेलं आहे, खोकला लांबला तर इथे या. मी दुधाचा कॅन घेऊन त्या भिंतीसमोरून सकाळ-संध्याकाळ गेलो.

आत का गेलो नाही, तर आमच्यातले जात नाहीत म्हणून. कुत्रं चावलं तर जातो, कारण ती सुई बाहेर महाग पडते. एरवी त्या बाकावर आमच्याच शेतात खुरपायला येणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी केसपेपर हातात धरून बसायचं आणि चुलतभावानं बघितलं की ऐकायचं, "काय नाना, ऊस वाळला का काय?" एवढ्या टोमण्याच्या भीतीनं मी कितीतरी आठवडे रोग छातीत घेऊन गावभर फिरलो. हा अडाणीपणा नव्हता. मी बी.ए. झालेला माणूस आहे. हा माज होता.

आरू

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीची टोळी आली. पाथर्डीकडची माणसं, दरसाल येणारी. विहिरीजवळच्या माझ्या पडीक तुकड्यात त्यांनी पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक जरी बसलं तरी त्या दिवशी कोयता बंद, दोघांचाही दिवस बुडतो आणि टोळीचा मुकादम त्याचा खाडा लावून पैसे कापतो. म्हणजे आजारी पडायचं असेल तर दोघांनी मिळून पडावं लागतं.

दत्तू आणि सविता असं एक जोडपं होतं. त्यांची मुलगी आराध्या, सगळे तिला आरू म्हणायचे. अजून अडखळत बोलणारं पोर. उसाच्या फडात बांधावर साडीची झोळी करून तिला निजवायचे. एकदा ऊस भरायला आलेला ट्रॅक्टर मागे घेताना झोळीच्या अगदी जवळ आला. मंगलनं ते पाहिलं आणि सविताला म्हणाली, पोरीला आमच्या घरी सोडत जा, हे असेही पडूनच असतात. सविता संकोचली. "लई तरास देती, नाना," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

मग रोज सकाळी फडाकडे जाताना ती आरूला ओसरीवर सोडायची आणि दिवस मावळला की घेऊन जायची. मला शेतात काम होत नव्हतं. घरात बसलेल्या पुरुषाला जी एक निरुपयोगी असल्याची भावना येते ती या पोरीनं घालवली. ती माझ्या ताटात जेवायची. मी भाकरी दुधात कुस्करून भरवायचो. दुपारी माझ्या खांद्यावर झोपायची, तिचं तोंड माझ्या मानेपाशी. मी खोकलो की तीही तोंडासमोर मूठ धरून माझी नक्कल करायची. मंगल आणि मी हसायचो. तिला परत करायला लावायचो.

एकदा सवितानं मला विचारलं की इथला सरकारी दवाखाना कधी उघडा असतो. तिचे कान दुखत होते. मी म्हटलं, सकाळी. ती हसली आणि म्हणाली, "सकाळी आमी फडात, नाना. संध्याकाळी गाडी भराया." मेडिकलमधून दोन गोळ्या आणून तिनं भागवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला रोज दारावरून जाता येत होतं तो आत गेला नाही आणि जिला आत जायचं होतं तिच्या वेळेला ते दार बंद असायचं. हे आज लिहिताना दिसतं. तेव्हा मी तिच्या पोरीला घोडा घोडा करत होतो.

निदानाचा दिवस

संक्रांतीच्या आसपास थुंकीत रक्त दिसलं. अक्षय गाडी घेऊन आला आणि नगरला छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते. फोटो पाहिला, थुंकी तपासायला पाठवली, आणि निकाल आल्यावर सरळ सांगितलं, टीबी आहे. मग विचारलं की इतके दिवस थुंकी कुणीच कशी तपासली नाही. उत्तर मला माहीत होतं.

मंगलचा पहिला प्रश्न माझ्या जगण्याचा नव्हता. ती म्हणाली, "डॉक्टर, पोरीचं जमत आलंय. हे कुठं कळवावं लागतं का?"

तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही. आमच्या भागात टीबी झालेल्या घरची मुलगी म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की सरकारला कळवावंच लागतं, आणि औषध सरकारी मोफतच मिळेल. परतीच्या वाटेवर गाडीत ठरलं की गावात न्यूमोनिया म्हणायचं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी विरोध केला नाही हे आठवतं.

त्याआधी काही दिवस दवाखान्यात काढले. टोकाची खोली. तोंडावर मास्क, सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या, मग मळमळ. पहिल्यांदा लघवी केशरी झाली तेव्हा मला वाटलं रक्तच आहे, मी बेल वाजवत सुटलो. नर्स म्हणाली, गोळीचा रंग आहे काका, तुम्हाला सांगितलं नाही का? नव्हतं सांगितलं. नवीन पेशंटला हे एक वाक्य आधी सांगावं, फार उपकार होतील. जेवणाचं ताट आणणारी बाई दारातच स्टुलावर ताट ठेवून जायची. झाडू मारायला येणारी मावशी मात्र आत येऊन खिडकी उघडायची, काठीला टेकून उभी राहायची आणि सांगायची की माझ्या पोराला झाला होता, आता ट्रक चालवतो. रोज तेच सांगायची. मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो.

सिस्टर आली तेव्हा

घरी आलो त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची सिस्टर आली. आली ती गाडी दूर लावून, मंगलनं फोनवर विनंती केली होती तशी. बाई चांगली होती. कामाच्या ओझ्यानं वाकलेली. तिनं घरात कोण कोण आहे ते विचारलं, मंगलचा आणि ऋतुजाचा खोकला-ताप विचारला, दोघींना तपासणीला यायला सांगितलं. मग विचारलं, घरात लहान मूल?

नाही, मंगल म्हणाली.

आरू तेव्हा अंगणात होती. कोंबडीच्या मागे पळत होती. सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"टोळीतल्यांचं हाय."

"बरं. म्हणजे इथलं नाही," सिस्टर म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी खाटेवर बसलो होतो. शुद्धीवर होतो. ते मूल दोन महिने माझ्या ताटात जेवलं आहे, माझ्या मानेशी झोपलं आहे, हे सांगायला मला तोंड होतं. मला वाटलं नाही की मी काही लपवतो आहे. आम्हा तिघांपैकी कुणालाच ते वाटलं नाही. टोळीतल्यांचं म्हटल्यावर विषय संपतो, ही आमच्याकडची रीत आहे. मतदार यादी, रेशन, शाळा, लस, सगळीकडे तो तसाच संपतो. सरकारनं ही रीत आमच्याकडूनच उचलली की आम्ही सरकारकडून, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून एवढंच झालं की मंगलनं सविताला सांगितलं, नानांना बरं नाही, पोरीला आता नको आणूस. का, ते सांगितलं नाही. सविताला वाटलं, आपलंच काही चुकलं. जाताना तिनं मंगलच्या पाया पडून माफी मागितली. थोड्याच दिवसांत आमच्या शिवारातला ऊस संपला आणि टोळी शेवगावच्या बाजूला निघून गेली.

डेअरीवरची पंचायत

न्यूमोनिया फार दिवस टिकला नाही. गावात कळायचं ते कळलंच. माझ्यासमोर कुणी काही बोलेना, पण एकदा मी डेअरीवर कॅन घेऊन उभा असताना चुलतभाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ह्या टोळ्यांनीच आणलाय रोग. कुठून कुठून फिरत्यात. पुढच्या साली गावाच्या नळावर पाणी भरू द्यायचं न्हाई त्यांना." तीन-चार जणांनी होकार भरला. चुलतभाऊ माझ्यावर उपकार करत होता. माझ्या घराची अब्रू राखायला त्यानं आरोपी शोधून दिला होता.

माझा खोकला दसऱ्याचा. टोळी दिवाळीनंतरची. हिशेब कुणालाही करता आला असता. मी मान हलवली.

घरात वेगळं चाललं होतं. मंगल माझं ताट वेगळं ठेवायची आणि ते वेगळं आहे हे मला दिसू नये म्हणून तसलंच दुसरं विकत आणून मांडणीत ठेवायची. ऋतुजा चिडलेली असायची. एकदा तिनं सुनावलं, "आण्णा, तुम्ही लपवा नाहीतर सांगा. पण माझ्या लग्नासाठी लपवलं असं म्हणू नका. मला कुणी विचारलेलं नाही." मी तिला पोरकट म्हणालो.

शिमग्याच्या सुमाराला मी नेवाशाच्या सरकारी दवाखान्यात फेरतपासणीला गेलो. आता बाकावर बसायची सवय झाली होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, माझ्याच आजाराचे, आणि त्यांचा लहान नातू. समुपदेशक बाई त्या नातवाच्या आईला गोळ्या कशा द्यायच्या ते समजावत होत्या. मुलगा टुणटुणीत दिसत होता. मी विचारलं, याला पण झालाय का? बाई म्हणाल्या, नाही, होऊ नये म्हणून. आजोबांच्या अंगाखांद्यावर होता ना. लहान मुलांत फार पटकन आणि कधी कधी फार वाईट होतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुमच्या घरात नाही ना कुणी लहान?

मी नाही म्हणालो.

बाहेर येऊन मोटरसायकलवर बसलो आणि आरू किती दिवस माझ्या मानेशी झोपली ते मोजू लागलो.

नाव न सांगता

यानंतरचं लिहायला मला सगळ्यात जड जातं.

मी लगेच सविताकडे गेलो नाही. ऋतुजाचा साखरपुडा तोंडावर होता. मी फोन केले. आमच्या आरोग्य केंद्राला फोन करून म्हणालो, एक नागरिक बोलतोय, इथे येऊन गेलेल्या टोळीतल्या एका मुलीला तपासायला हवं. मुलीचं नाव-गाव विचारलं, मी दिलं. उत्तर आलं, ते पाथर्डी तालुक्यातले, तिकडे कळवा. तिकडे कळवलं. ते म्हणाले, कुटुंब स्थलांतरित आहे, परत आलं की बघू. शेवगावकडच्या केंद्राला फोन लावला. ते म्हणाले, आमच्या हद्दीत अशा पुष्कळ टोळ्या आहेत, तुम्ही कोण बोलताय, पेशंट कोण आहे, त्याचं नाव सांगा. मी फोन ठेवला.

त्या माणसांवर मी मनात खूप ओरडलो. एक पोर तीन तालुक्यांत वाटलं गेलं होतं आणि कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. तो राग खोटा नाही. पण शेवटच्या फोनवरच्या माणसानं योग्य तेच विचारलं होतं, आणि मी सवयीचा भित्रा माणूस, मुलीच्या साखरपुड्यासाठी एका दुसऱ्या मुलीला टांगून ठेवत होतो.

मुकादमाला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "नाना, पोरीत जीव गुतला व्हय तुमचा? हाय की मजेत. थोडी किरकिर करती, उन्हाचं." मी त्या "मजेत"वर आठवडे काढले.

साखरपुडा झाला. त्या संध्याकाळी मंडप उतरवत असताना मी मंगलला म्हणालो, आता सुटलो, आता सांगायला हरकत नाही. ऋतुजा ऐकत होती. म्हणाली, "मी त्याला पहिल्या भेटीतच सांगितलंय. त्याच्या आत्याला झाला होता. त्यानं विचारलं, गोळ्या घेतात ना वेळेवर? बस, एवढंच."

ज्याच्यासाठी लपवलं ते कधीच उघडं होतं. तिला विचारलं असतं तर केव्हाच कळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवगावच्या रस्त्याला लागलो.

फडात

हंगामाचे शेवटचे दिवस होते. ऊन भाजत होतं. सविता मोळ्या बांधत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि पहिल्यांदा मंगलची खुशाली विचारली. आरू ट्रॉलीच्या सावलीत गोणपाटावर पडली होती. मला पाहून उठली नाही. अंगावरचं मांस उतरलं होतं आणि मानेच्या एका बाजूला लिंबाएवढी गाठ होती. त्यावर कसला तरी लेप वाळून तडकला होता. बाजाराच्या दिवशी एका डॉक्टरला दाखवलं होतं, त्यानं गालफुगी म्हणून सुई दिली होती. लेप कोपीतल्या म्हातारीचा.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला टीबी होता. ती माझ्याजवळ असायची तेव्हाही होता. तिला माझ्यामुळे झाला असेल.

दत्तू ऐकत होता. त्यानं कोयता बांधावर टेकवला. "तुमाला कवा कळलं?"

संक्रांतीला, मी म्हणालो.

"आन आमी तुमच्या रानात कुठवर हुतो?" त्यानं विचारलं. त्याला ते माहीत होतं. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं, त्यानंतरही काही दिवस तुम्ही तिथेच होता.

"म्हंजी इहिरीपाशी कोपी माझी. तुमच्या खाटंवरून दिसत हुती. हाक मारली असती तरी आलो असतो."

मुकादम मध्ये पडला. आजचा कोयता बंद पडेल, उद्या बघू, असं काहीतरी म्हणत होता. सवितानं त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. हात धुतले, पोरीला काखेत घेतलं आणि मला म्हणाली, "चला."

नगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं पत्ता विचारला. सवितानं गावाचं नाव सांगितलं. मग सध्याचा पत्ता विचारला, तिनं शेवगावकडचं सांगितलं. कुठे राहिल्यावर आजार झाला, तर नेवासा. तो वैतागला. "रेशनकार्ड तिकडं, काम इकडं, आजार तिसरीकडं. तुम्ही नक्की कुठले?" मी पुढे झालो, आवाज चढवला. लगेच केसपेपर निघाला. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि तिच्या साडीला उसाचा चिकटा. मला त्या क्षणी माझं काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला त्या खिडकीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आत डॉक्टर मॅडमनी गाठ पाहिली, फोटो सांगितला, गाठीत बारीक सुई घालून तपासायला पाठवायचं ठरवलं. लिहिता लिहिता विचारलं, घरात कुणाला टीबी आहे का?

"न्हाई," सविता म्हणाली.

"मला," मी म्हणालो. "मी यांच्या घरचा नाही. पण तिला माझ्याकडून झालाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. सविता पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या घरी ठिवली म्हनून म्या दिसभर बिनघोर ऊस तोडला, नाना."

ती रडली नाही, मला काही वाईट बोलली नाही. दत्तूसारखी ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटणं हे तिचं काम नव्हतं.

निकाल टीबीचाच आला. गोळ्या सुरू झाल्या, मुलांच्या, पाण्यात विरघळणाऱ्या. हंगाम संपून ती माणसं पाथर्डीकडे घरी गेली. तिथे घर होतं, घराला नंबर होता, तिथली आशाताई दर आठवड्याला येऊन गोळ्या बघून जायची. आरूची गाठ हळूहळू बसली. ती जेवू लागली. हे सगळं मला दत्तूच्या भावाकडून फोनवर कळायचं. दत्तू माझा फोन उचलत नव्हता.

पावसाळ्यात माझे उपचार संपले. त्या महिन्यात मी डेअरीवर सगळ्यांसमोर सांगितलं की टोळीनं रोग आणला नाही, मी टोळीला दिला. चुलतभाऊ म्हणाला, "नानांच्या डोक्यावर गोळ्यांचा परिणाम झालेला दिसतोय." सगळे हसले. नळावर पाणी न भरू देण्याची भाषा अजून चालूच आहे. त्यानंतर ती टोळी आमच्याकडे आलेली नाही. त्यांनी येऊ नये असं मला वाटतं आणि यावं असंही.

पाथर्डीकडे

दसरा झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. दोन दिवसांनी ते नव्या हंगामाला निघणार होते. अंगणात संसार बांधून ठेवला होता, पत्र्याची पेटी, गोधड्या, भांडी. आरू दारात बसून शेंगा फोडत होती. गाल भरले होते. मी खाली बसलो आणि हात पुढे केला.

"नाना, तुमी बरे झाले, ब्येस झालं," सविता म्हणाली. "पर तिला जवळ घिऊ नका."

मी बरा झालो आहे, माझ्यापासून आता कुणाला काही होत नाही, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तो कागद माझ्या खिशात होता. मी हात मागे घेतला आणि जरा लांब, पेटीच्या पलीकडे बसलो. चहा तिनं जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवला. मी प्यायलो.

मग तिनं कामाचं सांगितलं. आरूच्या शेवटच्या महिन्याच्या गोळ्या राहिल्या होत्या. यंदा टोळी राहुरीच्या बाजूला जाणार होती. जिथे जायचं तिथल्या सिस्टरचा नंबर आशाताईनं दिला होता. सवितानं फोन केला होता. समोरून उत्तर आलं, तुम्ही इकडे आल्यावर या, सकाळच्या वेळात या, कागद घेऊन या, मग बघू. तिनं सांगायचा प्रयत्न केला की सकाळी फडात असते, तोवर फोन ठेवलेला होता.

"तुमी लावा," ती म्हणाली आणि स्वतःच्या मोबाईलवरचा नंबर मला दाखवला. "तुमच्या फोनवरनं लावा."

मी लावला. आवाज मोठा केला. माझं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, हे मूल माझ्यामुळे आजारी पडलं तेही सांगितलं. समोरच्या बाई फार अदबीनं बोलल्या. म्हणाल्या, "हो सर, काळजीच करू नका. टोळी उतरली की कळवा, मी स्वतः संध्याकाळी कोपीवर जाऊन गोळ्या देऊन येईन. तुम्हाला परत फोन करायची गरज नाही पडणार."

मी फोन बंद केला. सवितानं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"म्हंजी येती व्हय ती कोपीवर," ती म्हणाली. "मला म्हनली हुती, तसं आमाला जमत न्हाई."

तिनं रिकामा कप उचलला नाही. आत जाऊन गोधडीची गाठ आवळू लागली.